पाय वर ओढून ताकद वाढत नाही

कोल्हापुरातून पहाटे निघायचं, कळंबा मागे टाकायचा, कात्यायनीचा चढ काढायचा आणि इस्पुर्लीवरून बिद्रीपर्यंत, पायात जोर उरला असेल तर मुदाळ तिट्ट्यापर्यंत जाऊन परतायचं. असा बेत आखणाऱ्या सायकलवाल्यांकडे गारगोटी रस्त्यावर आता कुणी वळूनही बघत नाही. सायकल पुन्हा रस्त्यावर आली, हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर एक सल्लाही आला आहे. नव्या मुलामुलींच्या डोक्यात तो इतक्या खात्रीने भरवला जातो आहे की त्याचा समाचार घेणं भाग आहे.

सल्ला असा. पायडल नुसतं खाली दाबणं ही अडाणी रीत आहे. पायडलचं अर्धं वर्तुळ त्यात वाया जातं. खरा सायकलपटू पुढचा पाय दाबतो तेव्हाच मागचा पाय वर ओढतो. त्याचं पायडल सगळीकडे सारख्या जोराने गोल फिरतं. त्यासाठी क्लिपचे बूट हवेत, कारण बूट पायडलला अडकल्याशिवाय ओढता येत नाही. फेरे मिनिटाला नव्वदच्या खाली गेले की ताकद वाया आणि गुडघेही जायचे. घरातल्या ट्रेनरच्या पडद्यावर पायडलचा गुळगुळीतपणा टक्क्यांत दिसतो. तो आकडा वाढला की सायकलस्वार सुधारला. याच रस्त्यावरून बावीस इंची सायकलला किटल्या अडकवून दूध संस्थेत जाणारा शेतकरी, बिद्रीच्या कारखान्यात पाळीला येणारा कामगार, हे सगळे या हिशेबाने आयुष्यभर चुकीचं पायडल मारत आले.

ऐकायला हे शास्त्रशुद्ध वाटतं. वर्तुळ पूर्ण वापरलं तर ताकद जास्त मिळणार, यात न पटण्यासारखं काय आहे? पण पटणं आणि मोजणं यांत अंतर असतं, आणि ही गोष्ट मोजून झालेली आहे.

२००७ साली टॉमस कॉर्फ, जिम मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ सरावलेल्या सायकलपटूंना चार रीतींनी पायडल मारायला लावलं. एकदा नेहमीच्या सवयीने, एकदा मुद्दाम गोल, एकदा वर ओढण्यावर भर देऊन आणि एकदा फक्त खाली दाबून. चारही वेळा काम तेवढंच होतं, २०० वॅट आणि मिनिटाला ९० फेरे. पायडलवर पडणारा जोर मोजला आणि त्याबरोबर श्वासातून किती प्राणवायू खर्च होतो तेही मोजलं. वर ओढताना जोराची वाटणी खरोखरच जास्त समान झाली. एकूण जोरापैकी क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, फिरवण्याच्या कामी येणारा वाटाही वाढला. सल्लागार सांगतात तेवढं सगळं घडलं. फक्त शरीराची कार्यक्षमता घसरली. ओढण्याच्या रीतीत ती सुमारे १९ टक्के निघाली, बाकी तिन्ही रीतींत २० टक्क्यांच्या आसपास.

एका टक्क्याने काय होतं, असं कुणी म्हणेल. हिशेब करून पाहावा. पायडलवर २०० वॅट द्यायचे आणि कार्यक्षमता २० टक्के, तर शरीर १००० वॅटच्या दराने इंधन जाळतं. १९ टक्के असेल तर साडेदहाशेच्या वर. म्हणजे वेग तोच, चढ तोच, आणि इंधन पाच टक्के जादा. हे जादा इंधन उष्णता होऊन घामावाटे जातं. मार्च-एप्रिलच्या उन्हात मुदाळ तिट्ट्याहून परतणाऱ्या मुलाला हा घाम कशासाठी गाळायला लावायचा?

पडद्यावरच्या आकड्याचा निकालही इथेच लागतो. गुळगुळीतपणा म्हणजे जोर वर्तुळभर किती सारखा वाटला गेला, एवढंच. त्या जोरासाठी शरीराने काय किंमत मोजली, ते त्या आकड्यात कुठेच नाही. कॉर्फ यांच्या प्रयोगात एक आकडा वर गेला तेव्हा दुसरा खाली आला. यातला कुठला धरायचा, हे सल्ला देणाऱ्यांनी एकदा स्पष्ट सांगावं.

असं का होतं, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. सायकल डबल स्टँडवर उभी करावी, सीटवर बसावं, दोन्ही पायडल जमिनीला समांतर आणावीत आणि पाय पूर्ण सैल सोडून नुसते पायडलवर ठेवावेत. क्रँक जवळपास जागच्या जागी राहतो. साठ किलोच्या माणसाचा एक पाय मांडीपासून पंजापर्यंत नऊ-दहा किलोंचा असतो. एवढं वजन मागच्या पायडलवर आहे, तरी ते खाली जात नाही, कारण तेवढंच वजन पुढच्या पायडलवरही आहे. तराजूच्या दोन पारड्यांसारखे दोन पाय एकमेकांना तोलतात. चालत्या सायकलवरही तेच चालू असतं. वर येणारा पाय पायडलवर थोडा भार टाकतो, तो भार उतरणाऱ्या पायाचं वजन उचलतं, आणि अर्ध्या फेऱ्यानंतर हीच मदत उलट दिशेने परत मिळते. वर येणाऱ्या पायाचा उलटा जोर आलेखात वाया गेलेला दिसतो. पण त्यातला मोठा भाग निव्वळ वजन आहे, आणि त्यासाठी स्नायूंनी काही खर्च केलेला नाही. जे खर्चच झालं नाही, ते वाचवणार कसं?

ते वाचवायला निघालं की काम पडतं कुणावर? मांडी वर उचलणाऱ्या, कमरेपासून जांघेपर्यंतच्या स्नायूंवर. चालताना पाय उचलून पुढे टाकायचा, एवढ्या कामासाठी ते घडलेले आहेत. पाय खाली ढकलणारे स्नायू म्हणजे नितंबाचे आणि मांडीच्या पुढच्या बाजूचे. उकिडवं बसून उठायचं, जिना चढायचा, उसाची मोळी डोक्यावर घेऊन उभं राहायचं, ही सगळी त्यांची कामं. शरीरातले सगळ्यात दांडगे स्नायू मोकळे असताना त्यांच्या वाट्याचं काम दुबळ्यांवर ढकलण्याला तंत्र कसं म्हणायचं?

एका पायाने पायडल मारण्याचा सरावही याच समजुतीतून आला. दुसरा पाय काढून घेतला की तोलच गेला. मग उरलेल्या पायाला स्वतःचं सगळं वजन स्वतःच ओढावं लागतं आणि मांडीची मुळं भरून येतात. दोन पायांनी सायकल चालवताना हा प्रसंग कधी येतच नाही. न येणाऱ्या प्रसंगाचा सराव करून मुलं दमतात, आणि त्या दमण्यालाच प्रगती समजलं जातं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अव्वल दर्जाचे सायकलपटू ओढतात, म्हणून ते अव्वल आहेत. हेही तपासून झालं आहे, आणि तेही आजकाल नाही, १९९१ मध्ये. टेक्सास विद्यापीठातल्या एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी पंधरा सायकलपटूंची तुलना केली. काही राष्ट्रीय दर्जाचे होते, काही त्याखालच्या, म्हणजे राज्य दर्जाचे. ४० किलोमीटरच्या शर्यतीत वरच्या गटाची ताकद जास्त होती. ती आली कुठून? पाय खाली जाताना ते जास्त जोराने दाबत होते, तिथून. वर ओढण्यातून नाही. वरच्या गटाला वेगळं काढणारी गोष्ट नेमकी तीच होती, जिला इथे अडाणी म्हटलं जातं.

दोन्ही क्रँक एकमेकांपासून सुटे करून प्रत्येक पायाला स्वतःचं वर्तुळ स्वतःच पूर्ण करायला लावणारं यंत्रही बाजारात आलं. २००३ च्या एका छोट्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या सरावानंतर कार्यक्षमता सुधारल्याचं दिसलं आणि त्यावर बरीच जाहिरात झाली. पुढच्या अभ्यासांत पायडल मारण्याची ढब बदललेली दिसली, ताकद मात्र वाढली नाही. क्रँकच्या लांबीची चर्चाही चवीने होते. जिम मार्टिन यांनी २००१ मध्ये १२० ते २२० मिलिमीटर एवढ्या टोकाच्या लांबीचे क्रँक लावून पाहिले, तेव्हा कमाल ताकदीत फरक पडला जेमतेम चार टक्के. दुकानात मिळणाऱ्या क्रँकमध्ये फरक असतो पाच-दहा मिलिमीटरचा.

आता बूट. १९८५ मध्ये बर्नार ईनोने टूर द फ्रान्स जिंकली ती लूक कंपनीच्या, पट्ट्याशिवाय अडकणाऱ्या पायडलवर. त्यानंतर काही वर्षांत हे पायडल शर्यतींत सगळीकडे पसरलं. त्याचे फायदे खरे आहेत. खड्ड्यात पाय सुटत नाही, पंजा दर वेळी त्याच जागी बसतो, आणि शेवटच्या दोनशे मीटरला उभं राहून जिवाच्या आकांताने सायकल खेचताना अडकलेला बूट उपयोगी पडतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत वर ओढण्यालाही अर्थ आहे, कारण तिथे इंधनाचा हिशेब कुणी करत नाही. पण तास-दोन तासांच्या चालीत? कोलोरॅडोचे रॉजर क्रॅम आणि त्यांच्या विद्यार्थ्याने २०१६ मध्ये साधे धावायचे बूट घालून सपाट पायडलवर, आणि मग क्लिपचे बूट घालून अशी तुलना केली. मध्यम जोराच्या चालीत शरीराच्या खर्चात फरक आढळला नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हजारो रुपयांचे बूट आधी घे, मग शिकवतो, असं सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या पोराचा सराव बुटांवाचून अडत नाही. अडवलं आहे ते या सल्ल्याने.

नव्वद फेऱ्यांचा नियम तर आणखी घट्ट बसला आहे. बावीस इंची सायकलचंच गणित करू. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्या फ्रीव्हीलला १८ आणि चाक २८ इंची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. ताशी पंधराच्या चालीने जाणाऱ्या दूधवाल्याचे पाय मिनिटाला पंचेचाळीस-शेहेचाळीस फेरे घेतात. ही त्याची चूक आहे का? मुळीच नाही. ताकद कमी लागते तेव्हा शरीराला सगळ्यात स्वस्त पडणारे फेरे पन्नास-साठच्या घरातच असतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पाय नुसते भराभर फिरवायलाही इंधन लागतं. ताकद वाढत जाते तसा हा स्वस्त आकडा वर सरकतो. शर्यतीतला खेळाडू तीनशे वॅटच्या पुढे चालतो, म्हणून त्याला नव्वद सोयीचे पडतात. २०० वॅट नव्वद फेऱ्यांत द्यायचे तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर सरासरी तेरा किलोंचा जोर लागतो, साठ फेऱ्यांत एकोणीस किलोंचा. जास्त फेऱ्यांनी प्रत्येक दाबाचा भार हलका होतो, हा नव्वदचा खरा अर्थ. तो आपापल्या ताकदीप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे ठरतो. चौदा वर्षांच्या, शंभर वॅटवर चालणाऱ्या मुलीला नव्वदचा धाक घालून तिची धाप वाढवण्यात कसलं शास्त्र आहे?

गुडघे दुखतात ते जड गिअर रेटल्याने आणि खाली ठेवलेल्या सीटने, हे खरं. त्यावर उपाय गिअर हलका करणं आणि सीट वर घेणं हा आहे. त्यासाठी एखादा पवित्र आकडा लागत नाही. तासाभराच्या जागतिक विक्रमाकडेच बघा. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, तेव्हा तो मिनिटाला सुमारे १०४ फेरे घेत होता. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रेंचेनमध्ये फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर कापले, कितीतरी मोठ्या गिअरवर, शंभराच्याही खाली फेरे घेत. पन्नास वर्षांत तासामागे सात किलोमीटर वाढले आणि फेरे कमी झाले. मर्क्सच्या वेळी उघडी धावपट्टी आणि साधा वाकडा हँडल होता. गान्नाकडे बंदिस्त धावपट्टी होती, आणि सायकल, कपडे, हेल्मेट आणि अंगाची ठेवण या सगळ्यांतून हवेचा अडसर कमी केलेला होता. त्या सात किलोमीटरांचा मोठा वाटा हवेतून आला आहे.

ताकद खरोखर जाते कुठे, हा प्रश्न इथून सुरू व्हायला हवा, आणि तोच या सगळ्या बोलण्यात मागे पडतो. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाने जाताना सगळ्यात मोठा खर्च हवा कापण्याचा. ताठ बसलेला सायकलस्वार कोपर वाकवून, छाती खाली घेऊन बसला तर ढोबळ हिशेबाने वीस-तीस वॅट वाचू शकतात. टायरमध्ये हवा कमी असेल आणि त्यामुळे रस्त्याचं घर्षण दुप्पट झालं, तर सायकलसह पंचाहत्तर किलोंच्या स्वाराला ताशी पंचवीसच्या चालीत पंचवीसएक वॅटचा दंड बसतो. कारखान्याच्या हंगामात रस्त्यावर धूळ, पाचट आणि ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल असतो. तो चेनमध्ये बसला की करकर सुरू होते. जुन्या सायकलची कॉटर पिन झिजली की पायडल प्रत्येक फेऱ्यात कटकन दणका देतं. हे सगळं गावातल्या सायकल दुकानात एका सकाळी निस्तरता येतं. आणि सांगितलं काय जातं? पाय ओढ.

सगळ्यात मोठं नुकसान सीटच्या उंचीत होतं. बिद्री, बोरवडे, मुरगूड या बाजूच्या कुठल्याही शाळेच्या फाटकाशी सकाळी उभं राहून पाहावं. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट पार खाली बसवलेली असते. पायडल वर आलं की गुडघा छातीकडे येतो, बाहेर फाकतो, आणि खाली गेलं तरी पाय सरळ होत नाही. मांडीचे आणि नितंबाचे दांडगे स्नायू निम्म्यात अडकून राहतात. तिथून कळंब्यापर्यंत कितीही गोल पायडल मारलं तरी ही तूट भरून निघणार नाही. हॅमली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी १९६७ मध्ये मोजून दिलेला ठोकताळा अजून कामाला येतो: पायाची आतल्या बाजूची लांबी, म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंत, जेवढी असेल तिच्या १०९ टक्के अंतर सीटच्या माथ्यापासून सगळ्यात लांब गेलेल्या पायडलपर्यंत असावं. आतली लांबी ८० सेंटिमीटर असेल तर ८७. टेप नसेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग पंजाने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. यासाठी लागतो एक पाना आणि पाच मिनिटं.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये मराठी नावं आता जगाच्या पातळीवर आहेत. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. अशा शर्यतीत झोप, पोट, मान आणि सीटवर घासून झालेल्या जखमा माणसाला घरी पाठवतात. रोज चारशे किलोमीटर कापणाऱ्याला पाच टक्के जादा इंधन जाळणारी रीत परवडेल का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने २०२० मध्ये गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगचं सोनं मिळवलं, आणि आता गावोगावच्या मुलींना ही वाट दिसू लागली आहे. ज्यांना ती दिसते आहे त्यांची सुरुवातीची वर्षं कशात जाणार, हे त्यांना शिकवणारे ठरवतात. ती वर्षं तासन्‌तास सायकल चालवण्यात, चढ काढण्यात, नीट जेवण्या-झोपण्यात गेली तर ताकद वाढेल. पडद्यावरचं वर्तुळ सुधारण्यात गेली तर ती वर्षं परत मिळणार नाहीत, आणि अपयशाचा दोष त्या मुलींच्याच पायांना दिला जाईल.

नेहमीची, अंगाला आपोआप जमलेली पायडलची रीत हीच बहुतेकांसाठी सगळ्यात स्वस्त असते. कॉर्फ यांच्या प्रयोगात सवयीची, गोल आणि नुसती दाबण्याची रीत यांत कार्यक्षमतेचा फरक निघाला नाही. मागे पडली ती फक्त ओढण्याची. पायडल दाबत कारखान्यात आलेल्या माणसाला अडाणी ठरवण्याचा हक्क कुठल्याही मोजणीने कुणालाही दिलेला नाही.

म्हणून कागल, भुदरगड आणि राधानगरी तालुक्यांतल्या क्रीडाशिक्षकांना, आणि पहाटेच्या गटांत नव्यांना सोबत घेणाऱ्या अनुभवी मंडळींना एक विनंती आहे. नवं पोर सायकल घेऊन आलं की आधी त्याची सीट मोजा, टायर दाबून बघा, चेनला तेल घाला, त्याला झेपेल असा गिअर दाखवा. बूट त्याच्या घरच्या ऐपतीप्रमाणे पुढे कधीतरी येतील. आणि त्याला पाय वर ओढायला सांगणं आजपासून बंद करा.